आधी आपण कुठले ते सांगायचं

न्यूझीलंडमधल्या कम्युनिटी हेल्थच्या नोकरीच्या जाहिरातीत एक अट बहुतेक वेळा असते: ‘बायकल्चरल प्रॅक्टिस’ची जाण हवी. मुंबईतून अर्ज करणारे नर्स, फिजिओ, सोशल वर्कर ती ओळ वाचून निर्धास्त होतात. परळच्या वॉर्डात एका खाटेवर भोजपुरी, दुसऱ्या खाटेवर तेलुगू, तिसरीवर मालवणी ऐकून कान तयार झालेले असतात. तिथे तर दोनच संस्कृती! गफलत नेमकी इथे होते. ‘बाय’ म्हणजे दोन हे खरं, पण ते दोन प्रकारचे पेशंट नव्हेत. एका करारावर सह्या करणारे ते दोन पक्ष आहेत, आणि मुंबईहून गेलेला माणूस त्यातल्या एका पक्षाकडून उभा असतो.

करार म्हणजे ते तिरिती ओ वायतांगी, ब्रिटिश राणी आणि माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे सरदार, यांच्यातला, ६ फेब्रुवारी १८४०. मराठीत ‘तह’ म्हणायचा मोह होतो. पण तह म्हटला की आपल्याला वसईचा आठवतो, १८०२ चा, कोंडीत सापडलेल्या बाजीरावाने केलेला. माओरी सरदार हरून सहीला आले नव्हते. त्या बेटांवर तेव्हा त्यांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट होती. म्हणून ‘करार’च बरा. त्याचे मसुदे दोन, आणि भांडणाचं मूळ त्यांच्यातल्या फरकात आहे. इंग्रजी मसुद्याच्या पहिल्या कलमात सार्वभौमत्व राणीला दिलं आहे. माओरी मसुद्यात तिथे ‘कावनतङा’ हा शब्द आहे, म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार. दुसऱ्या कलमात माओरी मसुदा सरदारांकडे ‘तिनो रङतिरतङा’ ठेवतो: आपल्या जमिनी, गावं आणि ‘ताओङा’ यांवरचा पूर्ण अधिकार. ताओङा म्हणजे जपण्याजोगं सगळं. आरोग्य आणि भाषाही त्यात धरतात. तिसऱ्या कलमात ब्रिटिश प्रजेइतके हक्क. पाचशेहून अधिक सरदारांपैकी बहुतेकांनी माओरी मसुद्यावर सही केली.

पुढचं थोडक्यात. १८६३ च्या कायद्याने जमिनी जप्त करण्याचा रस्ता मोकळा झाला. १८९६ पर्यंत माओरी लोकसंख्या ४२ हजारांवर घसरली. १९०७ च्या कायद्याने तोहुङांना, म्हणजे जाणत्यांना आणि उपचार करणाऱ्यांना, बंदी घातली. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्लेली पिढी आजही हयात आहे. २०२३ च्या जनगणनेत माओरी सुमारे १८ टक्के आहेत आणि त्यांचं सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा जवळपास ७ वर्षांनी कमी आहे. एखादी आजी आरोग्यसेवेच्या गाडीकडे पाहून दार अर्धंच उघडते, तेव्हा त्या अर्ध्या दारात हे सगळं असतं.

आणि मुंबईचा माणूस कुठल्या बाजूला? सरकारच्या. पगार सरकारी निधीतून, गळ्यातलं ओळखपत्र सेवेचं, पेशंटच्या फाईलमध्ये लिहिण्याचा अधिकार आपल्याकडे. ‘आम्हीही इंग्रजांच्या राज्यात होतो’ हे वाक्य मुंबईकरांच्या तोंडी फार पटकन येतं. खरं असलं तरी पहिल्या भेटीत ते गिळायचं. आपल्याला तिथे राहायला परवानगी दिली ती त्याच करारातून उभ्या राहिलेल्या सरकारने. सारखेपणा सांगून आपण त्या घराच्या बाजूला जाऊन बसत नाही, फक्त आपल्या हातातल्या अधिकाराकडे काणाडोळा करतो.

हा अधिकार नर्सिंगच्या मध्यभागी आणला इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने. ‘कल्चरल सेफ्टी’, माओरीत ‘कावा फकरुरुहाउ’, १९९२ पासून तिथल्या नर्सिंग शिक्षणात आहे. तिचा कळीचा मुद्दा असा की सेवा सुरक्षित होती की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचं, देणाऱ्याने नाही. माओरींच्या चालीरीती पाठ करणं म्हणजे कल्चरल सेफ्टी असं समजून कुणी गेलं, तर ते उलटं समजले. नर्सने स्वतःकडे पाहावं, हे रॅम्सडेनला हवं होतं. ओरिएंटेशनच्या स्लाइडवर अजून ‘तीन पी’ दिसतात, पार्टनरशिप, पार्टिसिपेशन, प्रोटेक्शन, १९८८ च्या रॉयल कमिशनपासूनचे. करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी ट्रिब्युनलने २०१९ च्या ‘हौओरा’ अहवालात ते अपुरे ठरवले आणि पाच तत्त्वं मांडली: स्वनिर्णयाची हमी, समन्याय, सक्रिय संरक्षण, पर्याय आणि भागीदारी. मुलाखतीत पाच सांगावीत. त्याच वाटेवर जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण आलं आणि जून २०२४ अखेर बंदही झालं. सरकारं बदलतात तशा पाट्या बदलतात. घरात जाण्याची रीत मात्र बदलत नाही, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू.

त्याआधी उच्चार, कारण नाव चुकीचं घेतलं की भेट दारातच फसते. इथे मराठी माणसाकडे एक आयतं हत्यार आहे. बाराखडीत पाठ करून वाङ्मयापुरता ठेवलेला ‘ङ’ माओरीत रोज लागतो, तोही शब्दाच्या सुरुवातीला. इंग्रजी बोलणारे तिथे ‘न’ किंवा ‘नग’ करतात. आपण ‘ङा’, ‘ङाती’ म्हणायचा सराव आठवडाभर केला तर जमतं. ‘डब्ल्यूएच’ बहुतेक भागांत ‘फ’च्या जवळ. स्वरावर आडवी रेघ असेल तर दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही. फक्त ‘ए’ आणि ‘ओ’ यांनाही तिथे ऱ्हस्व-दीर्घ आहे, ते देवनागरीत दिसत नाही, कानाने पकडावं लागतं. एका माणसाला ‘तेना कोए’, दोघांना ‘तेना कोरुआ’, तिघांपासून पुढे ‘तेना कौतौ’. खोलीत माणसं मोजून नमस्कार करायचा.

आणखी एक देणगी. इंग्रजीच्या ‘वी’मध्ये जे हरवतं ते मराठीत आणि माओरीत शाबूत आहे: ‘आपण’ म्हणजे ‘तातौ’, ‘आम्ही’ म्हणजे ‘मातौ’. घरातली मुलगी आईच्या उपचारांबद्दल ‘मातौ’ म्हणाली तर निर्णय त्यांचा चालला आहे, तुम्ही बाहेर आहात. ‘तातौ’ म्हणाली तर तुम्हाला आत घेतलं आहे.

आता भेट. माओरी डॉक्टर आणि संशोधकांनी २०११ मध्ये ‘हुई प्रोसेस’ नावाची मांडणी दिली, चार पायऱ्यांची: मिही, फकफनउङतङा, कौपपा, पोरोपोरोआकी. दुसऱ्या शब्दाला घाबरू नये, फोडला की सोपा आहे. ‘फका’ म्हणजे घडवणं, ‘फनउङा’ म्हणजे आप्त, ‘तङा’ म्हणजे ‘-पण’ हा प्रत्यय. आप्तपण घडवणं.

पण भेट सुरू होते फोनवर. संध्याकाळी करा, दिवसा फोन उचलणारा माणूस बहुधा पाळीवर असतो. कोण बोलतंय, कुणी पाठवलं, किती वेळ लागेल हे सांगा, आणि ‘कुणाकुणाला हजर असावंसं वाटेल?’ हे विचारा. सोबत माणूस ठेवण्याचा हक्क पेशंटला तिथल्या रुग्णहक्कांच्या १९९६ च्या संहितेने दिलाच आहे. आठव्या क्रमांकाचा हक्क. वांशिक ओळख रजिस्टरमध्ये भरायची असते, ती विचारून, चेहऱ्यावरून कधीच नाही. एका माणसाच्या सहापर्यंत ओळखी नोंदवता येतात. पहिल्या भेटीला दीड तास राखून ठेवा. ओपीडीत एका सकाळी दोनशे कागद उरकलेल्याला हे चैनीचं वाटेल, पण घाईत घेतलेली हिस्टरी तिथे बहुतेक वेळा खोटी निघते. तुम्ही जावं म्हणून दिलेली उत्तरं असतात ती.

चपला दाराबाहेर, हे सांगायला नको. मिही म्हणजे अभिवादन आणि आपण कोण, कशासाठी आलो हे स्पष्ट सांगणं. करकिया, म्हणजे प्रार्थना, हवी का हे विचारावं. घरातल्यांनीच केली तर उत्तम, नको म्हटलं तर पुढे जावं. प्रत्येक माओरी घर करकिया करतं असं गृहीत धरणं हाही एक साचाच.

मग आप्तपण. इथे फाईल बॅगेत, पेन खिशात, पंधरा-वीस मिनिटं. आधी आपण बोलायचं. ‘वडील लालबागच्या गिरणीत होते, आईचं माहेर देवगड, मी डोंबिवलीत वाढले, इथे येऊन आठ महिने झाले’ एवढं पुरे, पण ते पुरं सांगायचं. समोरून बहुधा धागा येतोच. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो माओरी कुटुंबं गाव सोडून ऑकलंड-वेलिंग्टनच्या गोद्यांत, कारखान्यांत आली. गिरणगावात गाळ्यावर राहून गणपतीला गावी पळणारा चाकरमानी आणि तङीला, म्हणजे मर्तिकाला, रात्रभर गाडी हाकत आपल्या मराएवर, म्हणजे कुळाच्या सभास्थानी, पोचणारा माओरी कामगार यांना एकमेकांचं बरंच कळेल. तारानाकीतल्या पातेआ गावचा मांसाचा कारखाना बंद पडला तो १९८२ साली, इथे गिरणी संप सुरू झाला त्याच वर्षी.

या पायरीवर मराठी माणसाचा पाय घसरतो तो मात्र वेगळ्याच जागी. ‘तुम्ही कुठले?’ हा आपल्याकडे निरागस प्रश्न नसतो. गाव, मग आडनाव, मग आडनावावरून जात, असा तो जिना चढतो, आणि विचारणाऱ्याला ते माहीत असतं. तिथे कुणाचीही इवी, म्हणजे वंशसमूह, विचारायची ती जोडणी शोधायला, दर्जा लावायला नाही. शिवाय दत्तक किंवा सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या अनेकांना आपली इवी माहीतच नसते. थेट ‘इवी कोणती?’ विचारलं की माणूस गप्प होतो. या गप्प होण्याला नाव आहे, फकमा: लाज, संकोच, स्वतःत आक्रसून जाणं. फकमात माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. गोळ्या घेता? हो. कळलं? हो. ‘सहकार्य करणारा पेशंट’ अशी नोंद फाईलमध्ये पडते आणि महिन्याभरात तो रुग्णालयात भरती होतो. म्हणून ‘तुमची माणसं कुठली?’ असं सैल विचारावं आणि उत्तर आलं नाही तर विषय मुलांकडे, कुत्र्याकडे, भिंतीवरच्या फोटोंकडे न्यावा. फोटो गेलेल्या माणसांचे असतात. त्यांच्यावर बोट रोखायचं नाही, ‘या कोण?’ एवढं विचारायचं.

ओळखीच्या ओघात चार शब्द कानावर पडतील, त्यांचे दोन-दोन अर्थ माहीत असावेत. ‘फानाउ’ म्हणजे कुटुंब आणि जन्म देणं. ‘हापू’ म्हणजे पोटवंश आणि गरोदर. ‘इवी’ म्हणजे वंशसमूह आणि हाड. ‘फेनुआ’ म्हणजे जमीन आणि बाळंतपणातली वार. ज्या भाषेत ‘इथे माझी नाळ पुरली आहे’ असं म्हणतात तिच्यात वाढलेल्याला शेवटचा शब्द समजवावा लागू नये. बाळंतिणीला वार घरी न्यायची आहे का, हे आधीच विचारून नोंदवायचं, प्रसूतीनंतर धावपळ नको. तोच नियम काढलेल्या दातापासून शस्त्रक्रियेत काढलेल्या भागापर्यंत: परत हवं का ते विचारायचं. संहितेतला सातवा हक्क हेच सांगतो.

कौपपा म्हणजे कामाचा विषय, आणि तो आत्ता कुठे सुरू होतो. तपासणीला चौकट हवी असेल तर माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांचं १९८० च्या दशकातलं ‘ते फरे तपा फा’, चार भिंतींचं घर: शरीर, मन, कुटुंब आणि वाइरुआ, म्हणजे आत्मिक बाजू. पोस्टरवर ते सगळीकडे आहे, केअर प्लॅनमध्ये फारसं दिसत नाही. चार रकाने करून चौथ्यात ‘चर्चला जातात’ लिहिणं म्हणजे चौकट वापरणं नव्हे. पायाची जखम भरत नाही तेव्हा ‘हे कधीपासून, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?’ हा एक प्रश्न चारही भिंतींना लागतो. घरी रोङोआ, म्हणजे पारंपरिक उपचार, चालू असेल तर तो दडवावा लागू नये. अपघात विमा देणारी तिथली सरकारी संस्था २०२० पासून रोङोआचे पैसे देते, हे सांगितलं की लोक मोकळे होतात.

आता तपू आणि नोआ. मराठी माणूस लगेच म्हणतो, सोवळं-ओवळं. नको. सोवळ्याने माणसांनाच उतरंडीत बसवलं; तपू माणसाला हलकं ठरवत नाही. काही गोष्टी राखीव, प्रभावी, म्हणून जपायच्या, त्या तपू. काही रोजच्या, मोकळ्या, त्या नोआ. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, इतकंच. डोकं सर्वांत तपू, म्हणून हात लावण्याआधी विचारायचं, डोक्यावरून पदार्थ पुढे करायचा नाही. डोक्याची उशी पायाखाली किंवा बसायला नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही आणि त्यावर ड्रेसिंगची बॅग, युरिनचं भांडं, लघवीची बाटली ठेवायची नाही. जखम धुवायला स्वयंपाकघरातलं भांडं मागायचं नाही, स्वतःचं न्यायचं. भांडी पुसायचा कपडा अंगाच्या कपड्यांबरोबर धुतला जात नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, मोरीपासून चार पावलांवर ड्रेसिंग केलेल्या हातांना ही शिस्त मुद्दाम लावावी लागते. चुकलंच तर लगेच कबूल करून वस्तू उचलावी. लांबलचक माफीने सगळी खोली तुमची समजूत घालत बसते.

या सगळ्याचा खरा कस संधिवाती तापात लागतो. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग झाल्यानंतर हृदयाच्या झडपा धरणारा हा आजार न्यूझीलंडमध्ये जवळजवळ पूर्णपणे माओरी आणि पॅसिफिक मुलांच्या वाट्याला येतो. पुन्हा झटका येऊ नये म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिन, दर २८ दिवसांनी, स्नायूत, बहुतेकांना किमान १० वर्षं. म्हणजे सुमारे १३० इंजेक्शनं, आणि ती दुखतात. दहा वर्षांच्या मुलाला १३० वेळा तयार करायचं तर पहिल्या भेटीतली ती वीस मिनिटं चैन राहत नाहीत. तांत्रिक बाजू साधी आहे: औषध फ्रिजमधून आधी काढून खोलीच्या तापमानाला आणायचं, नियम असेल तिथे बधिर करणारं लिग्नोकेन, सावकाश टोचायचं, कोणती बाजू ते मुलाने ठरवायचं. डोस हुकतो तो दुसऱ्याच कारणांनी. मूल या महिन्यात आजीकडे असतं, घर बदललेलं असतं, आईचा नंबर बंद असतो. म्हणून कार्डावर कुटुंबातले तीन नंबर हवेत, आजीचा पहिला. शाळेत, घरी की कामावर, हे प्रत्येक वेळी ठरवायचं. गर्दीचं, ओलसर, गार घर हेही कारणच आहे; २०१३ पासून चालू असलेल्या ‘हेल्दी होम्स’ योजनेकडे पाठवलं तर खाटा, हीटर, पडदे मिळू शकतात. आणि हुकलेल्या भेटीपुढे ‘डीएनए’, म्हणजे ‘आला नाही’, असा शिक्का मारण्याआधी सकाळी साडेनऊची वेळ कुणी ठरवली होती, ते पाहावं.

नर्स बदलली की साखळी तुटते. जाणारीने नवीला सोबत नेऊन ओळख करून द्यावी, ईमेलने हँडओव्हर पुरत नाही. हे वेळापत्रकात बसवणं व्यवस्थापकाचं काम आहे, आणि इथे सेवेची बायकल्चरल भाषा बहुतेकदा उघडी पडते. भिंतीवर माओरी नक्षी, बैठकीआधी करकिया, आणि प्रत्येक अवघड घर टीममधल्या एकुलत्या एका माओरी कर्मचाऱ्याच्या गळ्यात. तिचं स्वतःचं काम, शिवाय सगळ्यांची सांस्कृतिक शंकानिरसनं, एकाच पगारात. तिला विचारण्याआधी स्वतः वाचावं, विचारलं तर तो वेळ तिच्या तासांत धरायला लावावा, आणि स्थानिक इवीच्या कौमातुआंना, म्हणजे जाणत्या वडीलधाऱ्यांना, बोलावलं तर कोहा, म्हणजे मानधनासारखी भेट, आधीच मंजूर करून ठेवावी.

पोरोपोरोआकी म्हणजे निरोप: काय ठरलं, कोण काय करणार, मी पुन्हा कधी येणार, आणि मग खरोखर त्या दिवशी येणं. मधे चहा-बिस्किटं आली तर घ्यायची. दिवसभरात सहा घरं असली तरी प्रत्येक घरी अर्धा कप.

मराठी सवय सगळ्यात जास्त चकवते ती मात्र पेशंट गेल्यावर. तङीहङा बहुधा तीन दिवस मराएवर चालते, आणि ज्या नर्सने दोन वर्षं ड्रेसिंग केलं तिने यावं अशी घरच्यांची अपेक्षा असते. गडद कपडे घालून जायचं. फाटकाशी थांबून इतर येणाऱ्यांच्या घोळक्यात सामील व्हायचं, बाईने बोलावण्याची हाक दिली की हळू चालत आत. भाषणं, गाणं, मग रांगेने होङी, नाकाला नाक. स्मशानातून बाहेर पडताना हातांवर पाणी घ्यायचं, हे आपल्याला ओळखीचं. पण त्यानंतर जेवणघरात बोलावतात, आणि आपण मयताच्या घरी पाणीही न घेता उठणारी माणसं, ‘नको, निघते’ म्हणून गाडीकडे वळतो. तिथे अन्नानेच तपू उतरतं आणि माणसं पुन्हा नोआ होतात. न जेवता निघालेली नर्स ते तसंच अंगावर घेऊन जाते, शिवाय घरच्यांचं आतिथ्य नाकारून. बसायचं, पाव-लोणी आणि चहा तरी घ्यायचा, स्वयंपाकघरात भांडी पुसायला हात लावायचा, आणि मग निघायचं.